देवचाराचं पान

खाजनवाड्यावरच्या बाबाजीला कुणी किती वाजले म्हणून विचारलं, तर तो आधी तिथी विचारायचा. पंचमी आहे म्हटलं की खाडीकडे एकदा बघायचा. पंचमीची भरती पावणेचारला, पाणी आत्ता बांधाच्या दाराच्या मधल्या फळीला लागलंय, म्हणजे दोन वाजले असतील, असं सगळं गणित तोंडाने करून मग उत्तर द्यायचा. विचारणाऱ्याच्या खिशात मोबाईल असायचाच. त्यावर एक वाजून बावन्न मिनिटं झालेली असायची, आणि म्हातारा आठ मिनिटांनी चुकला याचा आनंद त्या माणसाला दिवसभर पुरायचा. बाबाजीचं म्हणणं, मोबाईल चुकलाय.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे केरीपासून इकडे पेडण्याच्या किनाऱ्यावर सगळ्याच जुन्या माणसांना ठाऊक. बाकीचे त्या हिशेबाने मासे धरायचे. बाबाजी भात राखायचा.

कोरगावच्या पलीकडच्या अंगाला तेरेखोल नदीचा एक फाटा आत शिरतो. त्याच्या काठाला आमचा खाजनवाडा. खाजन म्हणजे कुणा पूर्वजांनी चिखलाचा बांध घालून खाडीकडून हिसकावून घेतलेली जमीन. भरतीच्या पाण्यापेक्षा ती खाली असते. खाडी हा अपमान विसरलेली नाही. दिवसातून दोनदा येते, बांधाला धक्का मारून बघते आणि परत जाते. त्या बांधाला एक दार असतं, त्याला मानस म्हणतात. मट्टीच्या लाकडाच्या झडपा वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेल्या. भरती आली की बाहेरचं खारं पाणी त्या झडपा आपोआप दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी त्या ढकलून बाहेर जातं. वीज नको, बटण नको, ऑपरेटर नको. एवढ्या सोयीची वस्तू कुठल्याही सरकारला फार दिवस आवडणं कठीणच होतं.

मानशीची राखण बाबाजीच्या घराकडे चार पिढ्यांपासून. मोबदला म्हणजे ओहोटीच्या वेळी दाराला जाळं लावायचा हक्क. त्यात शेवटे, पालू असले मासे आणि नशीब असेल तर दोन-चार मोठ्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, मिळायच्या. काम म्हणजे रोज दोनदा बांधावरून चालायचं. कुर्ल्या बांधाला बिळं पाडतात. बीळ दिसलं की त्यात चिखलाचा गोळा कोंबायचा आणि टाचेने दाबायचा. बाबाजीची उजवी टाच या कामाने इतकी रुंद झाली होती की लग्नाकार्यात त्याला बूट घालायला लावायचा विचारही सुमंगलेने, म्हणजे त्याच्या बायकोने, कधी केला नाही.

पण तो एकटा राखत नव्हता. मानशीच्या उजव्या हाताला, बांधाच्या माथ्यावर, गुडघाभर उंचीचा एक काळा दगड होता. नाक नाही, डोळे नाहीत, शेंदूर नाही. तो देवचार. बांधाचा राखणदार. हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन तो बांधावरून फिरतो, अशी गावाची खात्री. फिरून फिरून त्याच्या वाहणा झिजतात, म्हणून दर वर्षी त्याला नव्या वाहणांचा जोड वाहायचा आणि गेल्या वर्षीचा जोड प्रसाद म्हणून राखणाऱ्याने पायात घालायचा. पेडण्याच्या बाजारातल्या चांभाराला देवचाराच्या पायाचं माप तोंडपाठ होतं, नऊ नंबर. बाबाजीच्या पायाचंही नऊच. एवढी एकरूपता मोठमोठ्या भक्तांनाही साधलेली नाही, असं गावातले टवाळ म्हणायचे. बाबाजी त्यावर चिडायचा नाही. देवाला आपला पाय बसला, यात लाजायचं काय, असं त्याचं मत.

वर्षातून एक दिवस देवचाराचा खास. सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशी सगळ्या गोव्यात पितरांना पान वाढतात, कावळ्याची वाट बघतात. खाजनवाड्यावर मात्र पहिलं पान देवचाराचं. कोरगूट तांदळाचा भात, काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, खीर, असं सगळं केळीच्या पानावर घेऊन बाबाजी दहा वाजताच बांधावर जायचा. पान दगडाच्या पायाशी ठेवायचं आणि शेजारी बसून राहायचं. अमावास्येची तिथी पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीच्या आत पाणी पोचेपर्यंत आणखी थोडा वेळ. त्या दिवसांत उधाणही वर्षातलं मोठं. बहुतेक वर्षी पाणी पानाच्या खाली वीतभर थांबायचं आणि मागे फिरायचं. मग पान तिथेच ठेवून बाबाजी घरी येऊन पितरांचं बघायचा. एखाद्या वर्षी मात्र पाणी चढत चढत पानाला लागायचं आणि पान उचलून न्यायचं. मग तो उभा राहून वाड्याकडे तोंड करून हाक द्यायचा, "देवचार जेवलो रे, जेवलो."

ही हाक आली की प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन बांधावर जायचा. अकरा घरं, अकरा माणसं. बांध जिथे बसका दिसेल तिथे चिखल चढवायचा. तास-दीड तास. पाणी उतरलं की खाडीत हातपाय धुऊन घरी जेवायला. देव जेवल्यावर बांधाची सेवा करायची असते, एवढंच कारण सगळ्यांना माहीत होतं. त्याहून जास्त कारणाची गरज कधी कुणाला भासली नाही. बाबाजीलाही नाही.

बाबाजीचा मुलगा रुद्रेश विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होता, ठेकेदाराकडे. निळा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र. त्याची बायको सेजल बचत गटात होती. एकदा पणजीच्या कुठल्याशा प्रदर्शनात तिने घरचे चार शेर कोरगूटाचे उकडे तांदूळ नेले, आणि शहरातल्या बायकांनी ते दुपारच्या आत संपवले. खाऱ्या जमिनीत, खताशिवाय होणारा जुना लाल तांदूळ, हे ऐकून त्यांना फारच कौतुक वाटलं. आमच्याकडे तो तांदूळ गरिबाचा म्हणून पाहुण्यांपासून लपवून ठेवत. सेजलने पाकिटं छापून घेतली. पाकिटावर मानशीचं चित्र आणि बांधावर उभा मिशीवाला म्हातारा. चित्रातली मिशी लहान काढलीय म्हणून बाबाजी आठ दिवस सुनेशी तुटक बोलत होता.

त्या पाकिटांनी रुद्रेशच्या डोक्यात किडा सोडला. त्याने नोकरी सोडली. शेजाऱ्यांच्या पडीक कोंड्या, म्हणजे खाजनातले वाफे, मागून घेतल्या. वाड्याला वाटून उरलेल्या बियाण्याच्या तीन मुड्यांपैकी, म्हणजे गवतात बांधलेल्या गाठोड्यांपैकी, दोन पेरल्या. बाकीची दहा घरंही बियाणं बाबाजीकडूनच नेत, त्यांनाही त्याने या वर्षी झाडून सगळं खाजन पेरायला लावलं. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून उंडो पाव चहात बुडवत तो बापाला म्हणाला, "एक पीक बघूया, बाबा. जमलं तर मी हयच. नाय जमलं तर परत युनिफॉर्म."

दुसऱ्या दिवसापासून बाबाजी बांधावर दोनाऐवजी तीन फेऱ्या घालू लागला. मुलगा चिखलात उतरलाय, हे त्याने पाववाल्या पोदेरापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना, विचारलेलं नसताना, सांगून टाकलं.

हे पीक पेरण्याआधी, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, मानस नवी झाली होती. जुनी चौकट कुजली होती हे खरंच. झडपेतून हात जाईल अशी फट पडली होती, आणि मट्टीचं जून लाकूड आता मिळत नाही. अर्ज केले, योजना आली, योजनेबरोबर तेजस्विनी नावाची तरुण इंजिनीअर आली. पोरगी मन लावून काम करणारी होती. साडेतीन तास उन्हात फिरली, चिखलात पाय रुतवून घेतले आणि शेवटी बाबाजीच्या शेजारी बांधावर बसून तिने विचारलं, "काका, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या भरतीला पाणी कुठवर येतं? काही खूण आहे का?"

बाबाजीने विचार केला. तो खोटं कधी बोलायचा नाही. म्हणाला, "तशी खूण काय नाय गो बाय. ता देवचार बघता."

तिने वहीत लिहिलं, स्थानिकांकडे नोंद उपलब्ध नाही. लिहिताना तिचा डावा हात आधारासाठी शेजारच्या काळ्या दगडावर टेकलेला होता. बाबाजीने तो हळूच उचलायला लावला, देव आहे म्हणून.

काम सुरू व्हायच्या आधी प्रश्न आला की यंत्र बांधावर चढणार कुठून. देवचार वाटेत. यंत्रवाले भैरू आणि अभिजीत कोल्हापूरकडचे. त्यांनी दुरून नमस्कार करून सांगून टाकलं की आम्ही या दगडाला हात लावणार नाही. मग पंच गौरेशने ग्रामसभेत विषय घेतला. गौरेश माणूस वाईट नव्हे. त्याच्याही तीन कोंड्या त्याच खाजनात होत्या. पण त्याला माईक दिसला की गहिवर यायचा. तो म्हणाला, "राखणदारान आमचा सगळा राखला, आणि आमी त्याका चिखलात उभो करून ठेवलो. लाज वाटूक होयी." रस्त्याच्या कडेला, बसस्टॉपजवळ, पंचायतीची रिकामी जागा होती. तिथे घुमटी बांधायची, लाद्या बसवायच्या, म्हाताऱ्या बायकांना नि मुलांना दर्शन घेता येईल असं करायचं. टाळ्या झाल्या. सगळ्यांनी बाबाजीकडे बघितलं. त्याचा देव, त्याचा शब्द.

बाबाजीच्या आयुष्यात त्याच्या देवाचं असं कौतुक पहिल्यांदाच होत होतं. इतकी वर्षं देवचार म्हणजे बांधावरचं एक भूत, असं शिकलेले लोक म्हणायचे. आता त्याला छप्पर मिळणार होतं, घंटा मिळणार होती. आणि निमंत्रणपत्रिका छापली गेली. तिच्यावर खाली डाव्या कोपऱ्यात, ठळक अक्षरांत, मानकरी म्हणून बाबाजीचं पूर्ण नाव होतं. लग्नपत्रिकेत वराचा बाप म्हणून आलं होतं तेवढं सोडलं, तर त्याचं नाव छापून यायची ही पहिलीच वेळ. त्याने ती पत्रिका जनेलाच्या, म्हणजे रस्त्याकडच्या खिडकीच्या, चौकटीत खोचून ठेवली. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल अशी, तोंड बाहेर करून.

वैशाखात देवचार हलला. बाबाजीने दगड स्वतः डोक्यावर घेतला. पुढे ढोल, मागे अख्खा वाडा. दगड उपटला तिथे एक ओला खड्डा राहिला. त्यातून दोन छोट्या कुर्ल्या तिरक्या पळाल्या, तेव्हा लोक हसले. देवाचे भाडेकरू निघाले, असं कुणी तरी म्हणालं. बाबाजीही हसला. मानेवर ओझं होतं म्हणून जरा जपून.

काँक्रीटची मानस उभी राहिली. देखणीच होती. दोन्ही बाजूंना यंत्राने बांध सरळ रेषेत उभा केला, आमच्या बापजाद्यांना कधी जमला नाही इतका सरळ. तीन वर्षांची देखभाल ठेकेदाराकडे, असा फलकही लागला. पाऊस लागला, पेरणी झाली, भात हिरवं झालं, पोटरीत आलं, ओंब्या लवल्या. बाबाजीच्या फेऱ्या चालूच होत्या. त्याला भाद्रपदात वाटलं होतं की काँक्रीट संपून चिखल सुरू होतो तिथे बांध थोडा बसलाय. त्याने फलकावरच्या नंबरवर रुद्रेशकडून फोन लावून घेतला. पलीकडून सांगितलं की पावसाळ्यानंतर माणूस पाठवतो. बाबाजीने स्वतः दोन टोपल्या चिखल टाकला. तेवढ्याने भागेल असं त्याला वाटलं, कारण शेवटचा अंदाज त्याने कधी स्वतः घेतलाच नव्हता. तो घेणारा दुसरा होता.

सर्वपित्रीचा दिवस उजाडला. कापणीला जेमतेम तीन आठवडे राहिले होते. सुमंगलेने नेहमीप्रमाणे दोन पानं वाढली, पहिलं देवचाराचं. बाबाजी ते घेऊन दारात आला आणि क्षणभर त्याचे पाय सवयीने डावीकडे, बांधाच्या वाटेला वळले. मग त्याचं त्यालाच हसू आलं. देव उजवीकडे राहायला गेला होता.

घुमटीपाशी गर्दी. चिखल तुडवायचा नव्हता, त्यामुळे ज्या बायका जन्मात बांधावर गेल्या नव्हत्या त्याही नटून पानं घेऊन आल्या होत्या. लाद्यांवर पानांची रांग. मानकरी म्हणून पहिलं पान बाबाजीचं. गौरेशने फोटो काढला, बाबाजीला जरा इकडे बघा म्हणाला. नव्या वाहणा काचेच्या पेटीत ठेवल्या होत्या. जुन्या जोडाचं काय, असं बाबाजीने हळूच विचारलं, तर समितीने ठरवलंय की देवाच्या वस्तू देवाकडेच राहतील. साडेदहाला सगळं आटोपलं. पाण्याची वाट बघायची नव्हती, कारण लाद्यांवर पाणी येणार नव्हतं. अकरा वाजता बाबाजी घरी होता. चार पिढ्यांत पहिल्यांदा.

पितरांचं पान परसातल्या कुंपणाच्या कुडणावर ठेवलं, आणि घरचे सगळे हात जोडून कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कावळा येईना. शेजारच्या परसातही तेच. सेजलने काव काव करून बघितलं. रुद्रेश म्हणाला, आजोबांना उसळ तिखट लागली असेल. बारा वाजून गेले. सगळ्या वाड्यातली माणसं आपापल्या परसात उभी राहून आभाळाकडे बघत होती आणि एकमेकांना विचारत होती की तुमच्या पितरांचं काय अडलंय.

सुमंगला म्हणाली, "आज कावळे गेले खंय?"

बाबाजीने मान वळवून माडांच्या वरून खाजनाकडे बघितलं. कावळे तिथे होते. गावातले सगळे कावळे, वर बगळे, वर दोन घारी. भाताच्या वर गोल गोल फिरत होते आणि झेप घेऊन काहीतरी उचलत होते. उन्हात ते काहीतरी चांदीसारखं चमकत होतं. मासे.

भातात मासे असायचं कारण नव्हतं.

तो धावला. सहासष्ट वर्षांचा माणूस सोवळ्यात, अनवाणी, हातात पळीपंचपात्र तसंच. मागे रुद्रेश. ते पोचले तेव्हा काँक्रीटची मानस जागच्या जागी होती, झडपा घट्ट मिटलेल्या, एक थेंब आत घेत नव्हत्या. तिच्या उजव्या अंगाला मात्र चिखलाचा बांध म्हशीच्या रुंदीइतका फुटला होता आणि खाडी आत जात होती. घाई नव्हती तिला. इतकी वर्षं वाट बघितली होती. पहिल्या कोंड्या केव्हाच बुडाल्या होत्या. लवलेल्या ओंब्या पाण्यावर तरंगत एका दिशेने वळल्या होत्या, विंचरलेल्या केसांसारख्या.

भगदाड जिथे पडलं होतं ती जागा बाबाजीने ओळखली. तिथून दोन हातांवर दगडाचा खड्डा होता. यंत्राने बुजवलेला, तरी किंचित खोलगट. त्याने तिथे पळी टेकवली, पाण्याकडे बघितलं, बांधावर सुकत चाललेल्या ओल्या रेषेकडे बघितलं. पान इथे असतं तर अकराच्या आत गेलं असतं. बांध फुटला तो फार तर साडेअकराला. अकरा घरं, अकरा फावडी. त्याला सगळी तिथी, सगळी पाऊणपट एकदम कळली, आणि कळून उपयोग नव्हता. रुद्रेशने हाका मारून लोक गोळा केले. लोक आले, जेवता जेवता उठून आले, खरकट्या हातांनी चिखल टाकत राहिले. टाकलेला चिखल पाणी आत घेऊन जात होतं. भरती वळली तेव्हा अकराही घरांचं खाजन एक तळं झालं होतं, आणि कावळे पोट भरून झाडांवर बसले होते. त्यांच्यापुरता पितृपक्ष उत्तम पार पडला होता.

कोरगूट खारं पाणी सोसतं, म्हणूनच तर ते कोरगूट. पण सोसण्यालाही दिवस असतात. मानस आणि बांध आता सरकारी योजनेतले, त्यामुळे भगदाड बुजवायला मंजुरी लागणार होती. मंजुरी येईपर्यंत खाडी रोज दोनदा आत-बाहेर करत राहिली. आठ दिवसांत ओंब्या पांढऱ्या पडल्या. हातात धरल्या की दाणा नाही, नुसतं टरफल.

तेजस्विनी पंचनाम्याला आली. चांगली पोरगी होती, तिचा चेहरा उतरला होता. भगदाड मोजलं, फोटो घेतले, मग बाबाजीच्या शेजारी मागच्याच जागी येऊन बसली. म्हणाली, तुम्हाला मी तेव्हा विचारलं होतं, काका. बाबाजीने तिला पानाची गोष्ट सांगितली. पान कुठे ठेवायचं, पाणी कुठे लागायचं, मग हाक, मग फावडी. ती ऐकत होती. मध्येच तिने पेन उघडलं आणि परत बंद केलं.

"हे तेव्हा सांगितलं असतं तर," ती म्हणाली.

"तू खूण विचारलंस, बाय," बाबाजी म्हणाला. "माझ्याकडे खूण नव्हती. देव होतो."

आंघोळ करून बाल्कांवात बसलेल्या रुद्रेशला त्याने त्या संध्याकाळी सगळं कबूल केलं. मुलगा काही बोलेल, ओरडेल, अशी त्याची तयारी होती. एका अर्थाने त्याची तीच अपेक्षा होती. रुद्रेशने खाजनाकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमी दगड हलयलास, बाबा. बांध नाय हलयलास."

"एकच ता," बाबाजी म्हणाला.

रुद्रेशने पुढच्या सोमवारपासून विमानतळाच्या ठेकेदाराकडे परत जायचं ठरवलं होतं. सेजलने युनिफॉर्म ट्रंकेतून काढून उन्हात घातला होता. दोरीवर, भाताच्या दिशेने हात पसरून, तो तीन दिवस वाळत होता. बाबाजी परसात जायचा तेव्हा त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचा.

एक गोष्ट मात्र बाबाजीने केली. तो गौरेशकडे गेला आणि म्हणाला की देव परत बांधावर नेऊया, मी डोक्यावर घेतो. गौरेशच्या तीन कोंड्या गेल्या होत्या, त्या दिवशी त्याने माईक नसताना डोळे पुसले. पण समिती बसली तेव्हा पुरोहिताला विचारावं लागलं, आणि पुरोहिताने सांगितलं की विधिवत प्रतिष्ठा झालेला देव असा हलवत नाहीत. दोष लागतो. बांधावर उभा असताना देवचाराला कसलाही विधी लागत नव्हता. एक पान आणि नऊ नंबरच्या वाहणा एवढ्यात भागत होतं. आता त्याची किंमत वाढली होती, त्यामुळे त्याला घरी जायची मोकळीक नव्हती.

बाबाजी घरी आला आणि जनेलातली पत्रिका काढून चुलीत घातली. सुमंगलेने ते बघितलं आणि पाठ फिरवून तांदूळ निवडत राहिली.

मंजुरी पुढच्या पावसाआधी आली नाही. मधल्या काळात खाजनात दुसरंच काही रुजलं. भरतीबरोबर कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, शेंगा आल्या आणि चिखलात उभ्या राहिल्या. वैशाखात सगळ्या खाजनभर दोन-दोन पानांची, तेलकट हिरवी रोपं होती. ती उपटायला बाबाजी विळा घेऊन गेला तेव्हा गौरेशनेच त्याला थांबवलं. कांदळ तोडायला कायद्याने बंदी आहे. तेजस्विनीला विचारलं तर तिने मान खाली घालून तेच सांगितलं. समुद्रापासून किनारा वाचवायला कांदळ लागतं, शिकत असताना तिने त्यावरच तर प्रकल्प केला होता. बाबाजीला ते पटलं. समुद्रापासून जमीन वाचवायला पाहिजे, हे तो आयुष्यभर म्हणतच आला होता. फक्त त्याला वाटलं होतं की त्या जमिनीत आपलं भातही धरलेलं आहे.

पेरणी झालीच नाही. माळ्यावर, आड्याला टांगलेली बियाण्याची एक मुडी तेवढी राहिली होती. सेजलची छापलेली पाकिटं उरली होती, ती सुमंगलेने फडताळात डब्यांखाली अंथरली. डबा उचलला की खालून छोट्या मिशीचा म्हातारा बघायचा.

भाद्रपदात सुमंगलेने विचारलं, पानाला कोरगूट कुठलं आणायचं? बाबाजी शिडी लावून माळ्यावर चढला आणि मुडी खाली घेऊन आला. ती म्हणाली, ते बियाणं आहे. तो म्हणाला, बियाणं एक पावसाळा थांबतं, दुसरा नाही थांबत. मग दोघांनी मिळून गवताची वळी सोडली, भात वाफवलं, उन्हात घातलं, कांडलं. मूठभर दाणे सुमंगलेने कुणी बघत नाही असं समजून पदराच्या गाठीला बांधले. बाबाजीने ते बघितलं होतं.

सर्वपित्रीला सगळा वाडा उजवीकडे गेला. बाबाजी पान घेऊन डावीकडे वळला. घुमटीत या वर्षी दुसराच मानकरी होता. काचेच्या पेटीतल्या वाहणांना वर्ष होऊन गेलं होतं आणि त्यांचा तळ जराही झिजला नव्हता, असं नंतर कुणी तरी सांगितलं.

भगदाडाच्या अलीकडे, जिथे दगडाचा खड्डा होता, तिथे त्याने पान ठेवलं आणि शेजारी बसला. समोर काँक्रीटची मानस, झडपा मिटलेल्या. बाजूने खाडी सावकाश आत जात होती, तिला आता दाराची गरज नव्हती. आत कांदळ गुडघ्यापर्यंत आलं होतं. कुर्ल्यांनी बांध चाळणीसारखा केला होता. त्याची टाच एकदा सवयीने एका बिळावर गेली आणि तशीच थांबली.

सव्वाअकरा. पाणी चढत होतं. वीतभर खाली होतं, मग चार बोटं, मग दोन. मग एक लहानशी लाट आली, पानाचं टोक उचललं, खिरीची वाटी कलंडली, आणि बियाण्याचा लाल भात घेऊन पान हळूहळू फिरत आत, कांदळात निघून गेलं.

बाबाजी उभा राहिला. वाड्याकडे तोंड केलं आणि विचार करायच्या आधीच त्याच्या तोंडून हाक गेली, चार पिढ्यांच्या सुरात, "देवचार जेवलो रे, जेवलो."

हाक माडांपर्यंत गेली. अकरा घरांच्या परसांत माणसं कावळ्याची वाट बघत उभी होती. त्यातल्या दोघा-तिघांनी मान वर केली, असं म्हणतात. फावडं कुणी उचललं नाही. कशासाठी उचलणार? राखायला आत काही नव्हतं. रुद्रेश तेव्हा ड्युटीवर होता.

तो घरी आला तेव्हा सुमंगला दारातच होती. कावळा केव्हाच येऊन गेला, म्हणाली. या वर्षी लगेच आला. मग त्याच्या ओल्या पायांकडे बघून तिने विचारलं, "जेवलो?"

त्याने मान डोलावली.

"मग बसा," ती म्हणाली. "तुमचा पान वाढतंय."